बांधावर काढलेल्या चपला

आकुर्डी, ४ जानेवारी

ती. हर्षालीताईस गोरक्षचा सा. न. वि. वि.

आई फोन स्पीकरवर ठेवते, म्हणून हे पत्र उद्धवमामांच्या कंपनीबसमधून पाठवतोय. ताई, कंपनीचा जिना चढताना छाती धडधडते, डोळ्यांपुढे अंधारी येते. चोविसाव्या वर्षी हार्ट गेलं की काय, या विचाराने घास उतरत नाही. वीस तारखेला कायम करण्याआधीची मेडिकल आहे. माझ्याऐवजी खोलीतला शेखर रक्त देतो म्हणालाय. आई-आबांना कळू देऊ नकोस.

तुझा गोरक्ष

मळा, चाकण, ६ जानेवारी

चि. गोरक्षास अनेक आशीर्वाद.

शेखरच्या रक्तावर नोकरी मिळेल रे, पण जिना तुलाच चढायचाय. उद्या रजा टाकून दवाखान्यात जा, नाहीतर आबांना घेऊन खोलीवर येते. इथे कांद्याची लागण चालू आहे, उसंत नाही, तरी तुझाच घोर. रविवारी पोरगा पिवळा का दिसत होता, असं आई विचारत होती. मी ओव्हरटाइमवर ढकललं. काय निघतं ते लगेच कळव.

काळजीत असलेली ताई

आकुर्डी, ९ जानेवारी

ती. ताईस सा. न.

हृदय ठीक आहे, पण हिमोग्लोबिन सहा. पोटात जंत आहेत. ते रक्त पितात आणि उरलेलं पुरवायला हृदय दुप्पट पळतं. गोळ्यांनी बरं होईल. मेडिकल पुढे ढकलायला अर्ज दिलाय, ऐकतील का माहीत नाही.

अनवाणी कुठे चालता, असं डॉक्टरांनी विचारलं. मी आबांचा नियम सांगितला, शेत म्हणजे लक्ष्मी, चपला बांधावर. संडासाच्या टाकीतला मैला खत म्हणून त्याच वाफ्यांत सोडतो, हेही सांगितलं. त्यांनी कपाळाला हात लावला. जंतांच्या अळ्या तळव्यातून शिरतात म्हणे. वाफ्यात उतरणाऱ्या सगळ्यांचं रक्त तपासा, म्हणाले. आबांना तूच समजाव.

तुझा गोरक्ष

दवाखाना, चाकण, १३ जानेवारी

चि. गोरक्षास आशीर्वाद.

आबा तीन दिवस ऐकेनात. आज सगळे आलो. आबांचं बारा, आईचं नऊ, माझं साडेचार. मला ठेवून घेतलंय, रक्त चढतंय. हृदयावर ताण आलाय म्हणतात.

दम कधीपासून लागतो, असं डॉक्टरांनी विचारलं. गेल्या दिवाळीपासून, दर वाफ्याला टेकत होते. आबा कामचुकार म्हणायचे, मलाही तेच खरं वाटायचं. तुझं पत्र वाचून जीव उडाला, पण हे सगळं मलाही होतंय, हे डोक्यातसुद्धा आलं नाही. तुला दम लागला तर आजार, मला लागला तर आळस. फार राग येतोय, आणि कोणावर काढू कळत नाही.

आबा सकाळपासून बाहेर बाकावर बसून आहेत, आत येत नाहीत. तू ये, आणि त्यांना आत घेऊन ये.

अशीच माया राहू दे.
तुझी ताई