डावीकडचं दार

१३ ऑगस्ट २०२१, सकाळ
कालपासून कॅनबेरात लॉकडाऊन. इथे ऑगस्ट म्हणजे ऐन हिवाळा, आज बाहेर उणे चार. गाडीचं डावीकडचं पुढचं दार उघडेना. हँडल नुसतं हलतं, आतला लॅच सुटतच नाही. नेमकं देवयानीच्या बाजूचं. तिचे दिवस भरत आलेत, कधीही हॉस्पिटल गाठावं लागेल. घाबरलो नाही. नाश्ता गेला नाही, एवढंच.

दुपार
ऊन आल्यावर दार आपोआप उघडलं. म्हणजे दोष दाराचा नाही, हवेचा. मेकॅनिक येतो म्हणाला होता, मीच नको म्हटलं. कुठून कुठून हिंडून येणार आणि आमच्या हँडलला हात लावणार. देवयानी म्हणाली, मास्क घालून येईल की. तिला कशाचीच भीती नाही. घरात कुणीतरी भ्यायला हवं, म्हणून मी भितो.

१४ ऑगस्ट
लॅचवर उकळतं पाणी ओतलं. दार लगेच उघडलं. इंजिनिअरिंगला घातलेली वर्षं वाया गेली नाहीत.

१५ ऑगस्ट
कालचं पाणी आत गोठलं. दार कालच्यापेक्षा घट्ट. आईवडील पुण्यात, बॉर्डर बंद, आणि मी ड्राइव्हवेत दाराशी झटापट करतोय. शेजारचा एडवर्ड, मूळचा वसईचा, कुंपणापलीकडून म्हणाला की मेट, लॅचचा स्प्रे मिळतो तो मार, आणि वेळ आलीच तर माझी गाडी आहे, नो वरीज. दुसऱ्याच्या गाडीत, दुसऱ्याच्या श्वासात देवयानीला बसवू? थँक्स म्हणालो आणि आत आलो.

१६ ऑगस्ट, दुपार
एडवर्डने त्याच्याकडचा स्प्रे कुंपणावर आणून ठेवला. त्याचे हात लागलेला. दोन-चार दिवस उन्हात राहू दे, मग बघू.
तोवर डोकं चालवलं. वंगण म्हणजे शेवटी तेलच. आईने बाळाच्या मालिशीसाठी पाठवलेलं खोबरेल घरात आहे. बाटलीत पांढरं घट्ट झालं होतं, उलटी केली तरी थेंब पडेना. ही इथली थंडी. बाटली गरम पाण्यात ठेवली, तेल पातळ झाल्यावर लॅचमध्ये ओतलं. दार असं सुरेख चालायला लागलं की दहा वेळा उघडून बघितलं. मग उरलेल्या तिन्ही दारांना आणि डिकीलाही घातलं. करायचं तर नीट करावं. देवयानी खिडकीतून बघत होती. मग बॅग आवरायला गेली. पटलं असणार.
आज निवांत झोपेन.

१७ ऑगस्ट, दुपार, हॉस्पिटल
सकाळी गाडी काढायला गेलो तर चारही दारं बंद. डिकीसुद्धा. बाहेर उणे पाच.
तेवढ्यात देवयानी दारात आली. कळा सुरू झाल्यात म्हणाली, दूध संपलंय म्हणावं इतक्या शांतपणे. हेअर ड्रायर आणला, वायर पुरेना. हँडल दोन्ही हातांनी ओढलं, ते तुटलं. हिला काही झालं तर, बाळाला काही झालं तर, याच्यापुढे डोकं जाईना. आयुष्यात इतका कधी भ्यालो नव्हतो. ड्राइव्हवेत बसून रडलो, हेही लिहून ठेवतो.
मान वर केली तर गेटपाशी एडवर्डची गाडी सुरू. सगळ्या काचा खाली, तो मास्क लावून, कानटोपी घालून. देवयानी आत बसली होती. तिची बॅगही मागच्या सीटवर होती. मला म्हणाली, येतोस ना?

१८ ऑगस्ट
मुलगी झाली. दोघी सुखरूप. मी अजून थरथरतोय, पण ते थंडीमुळे.
देवयानीला विचारलं, बॅग एडवर्डच्या गाडीत कधी ठेवलीस. परवा दुपारीच, म्हणाली. म्हटलं, म्हणजे ते दार उघडणार नाही अशी तुला भीती वाटत होती तर, मला बोलली का नाहीस. ती म्हणाली, दाराची भीती नव्हतीच. तू ते दुरुस्त करायला घेतलंस, त्याची होती.