बाटलीवरची खाच

बाबा, काल जे झालं ते तुम्हालाच सांगावं, म्हणून लिहायला बसले. घरोघरी कॉम्प्युटर यायच्या आधीच तुम्ही गेलात. त्याच्या काळ्या पडद्यावर एक ओळ टाकली की नको त्या फायली पुसल्या जातील, असा छोटा प्रोग्राम मी केला होता. कोणत्या फायली, ते खुणांनी सांगायचं. त्या खुणांच्या भाषेला रेग्युलर एक्स्प्रेशन म्हणतात. माझ्याकडे छान चालला, म्हणून अकोल्याला धाकट्याला पाठवला. त्याचं यंत्र निराळं. माझ्याकडे ताऱ्याची खूण म्हणजे आधीचं अक्षर कितीही वेळा, त्याच्याकडे तारा म्हणजे काहीही. कपाशीच्या वाणांवरचं त्याचं सगळं काम पुसलं गेलं. तो ओरडलासुद्धा नाही. म्हणाला, "ताई, तू सांगतलं तसंच टाकलं नं मी." हे वाक्य मी आधी ऐकलं होतं, त्याच्याच उशाशी.

साठच्या दशकाच्या सुरुवातीची वर्षं. तुम्ही अमरावतीच्या दवाखान्यात कंपाउंडर. औषधाच्या बाटलीवर कागदाची पट्टी चिकटवता, कात्रीने खाचा पाडलेली. तुमच्याकडे एक खाच म्हणजे दिवसभराचं औषध, तीनदा वाटून द्यायचं. धाकटा आणि मी सुटीत अकोल्याला आत्याकडे होतो. त्याला खोकला झाला, तुम्ही एसटीने येऊन बाटली दिलीत आणि ड्यूटीवर परतलात. आत्याच्या ओळखीच्या दवाखान्यात खाच म्हणजे एका वेळचं औषध. तिने तसंच पाजलं, दिवसातून तीनदा. दुसऱ्या दिवशी दुपारी धाकटा हलवूनही उठेना. मी त्याच्या तळपायाला चिमटे काढतेय, तो हूं की चूं करत नाही. निरोप मिळताच तुम्ही धावत आलात. आत्या उशाशी बसलेली, पांढरीफटक. "दादा, खाचेपर्यंतच पाजलं नं मी. तू देल्लं तसंच." तुम्ही बाटली उजेडात धरलीत आणि किती खाचा रिकाम्या झाल्या ते मोजलंत. "चूक माही आहे, बाई. तुमच्या इकडं खाचेले काय समजतात, हे मी इचारलंच नाही."

सरकारी दवाखान्यात पहाटे त्याने डोळे उघडले आणि पाणी मागितलं. आईने मात्र आत्याशी बोलणं टाकलं ते कायमचं. मीही. राखीला अकोल्याला तुम्ही एकटेच जायचात, आणि मनगटावर राखी घेऊन आलात की आई पानं वाढून आत निघून जायची.

मला वाटायचं, तुम्ही बहिणीच्या चुकीवर पांघरूण घालताय. पाजणारीला अक्कल नको का, एवढंच मी धरून बसले. आत्या गेली तेव्हाही मी गेले नाही. आणि काल धाकट्याला माझ्या तोंडून पहिलं काय निघालं माहितेय? "टाकायच्या आधी विचारायचं नाही का रे?" हेच मी इतकी वर्षं मनात आत्याला सुनावत आले होते. बाबा, 'चूक माही' हे तुमचं बोलणं मी काल पहिल्यांदा खरं मानलं. धाकट्याला ते अजून म्हटलेलं नाही.