न कापता काढलेला काप

ती. रंगनाथकाकांना सृष्टीचा नमस्कार. तुमचा गुडघा आता जिना चढू देतो का, काकूंचा खोकला थांबला का, ते कळवा. (फोनच करणार होते, पण फोनवर तुम्ही मला एक वाक्य पुरं करू देत नाही.)

मागच्या पत्रातली चूक आधी दुरुस्त करते. सीटी स्कॅनमधल्या 'टी'चं, म्हणजे टोमोग्राफीचं, मूळ मी लॅटिन लिहिलं होतं. ते ग्रीक आहे. 'टोमॉस' म्हणजे काप, 'ग्राफीन' म्हणजे लिहिणं. ओझरला कारखान्यात कुणाला लॅटिन सांगून बसला असाल तर कृपया त्यांनाही कळवा. 'अ‍ॅटम'सुद्धा याच घराण्यातला : ज्याचा काप होत नाही तो! हे वाचून मला इतका आनंद झाला की गोजरआत्याला सांगायला मी तशीच स्वयंपाकघरात गेले, आणि तिथेच सगळं बिघडलं. (तिला चक्कर येते म्हणून डॉक्टरांनी डोक्याचा सीटी स्कॅन सांगितलाय आणि त्यासाठीच ती चांदवडहून माझ्याकडे नाशिकला आलीय, हे तुम्हाला ठाऊक आहेच.)

"काप? माझ्या डोक्याचे?" मी घाईने खुलासा केला की खरोखर कापत नाहीत, कापल्यासारखं आतलं दिसतं. तिने पिशवीतून कांदाचाळीत साठवलेले दोन उन्हाळ कांदे काढले. "यातल्या एकाला आतून कोंब हाय. कापल्याबिगर सांगंल का तुझं मशीन?" जन्मभर कांदा चिरून पारखलेली बाई, शंका रास्तच होती. मी दोन्ही कांदे घेऊन स्कॅन सेंटरवर गेले. काउंटरवरच्या बाईंनी विचारलं, "पेशंट कुठंय?" मी कांदे पुढे केले. त्यांनी शांतपणे डॉक्टरांची चिठ्ठी मागितली. कांद्यांच्या नावाची चिठ्ठी नव्हती, म्हणून मी आत्याची तारीख पुढे ढकलून परत आले.

शब्द सोलून आत काय आहे ते बघायची खोड मला आत्यानेच लावली. शाळेआधी अक्षरं तिनेच तर गिरवून घेतली. 'स्कॅन' हा शब्द मात्र खरंच लॅटिन : आधी 'चढणे', मग कवितेचे चरण मोजणे, मग बारकाईने बघणे. हे नीट पडताळायला अजून आठवडाभर तरी लागेल.

तुमची,
सृष्टी

ता. क. वरची हकीकत खोटी नाही, अपुरी आहे. मी परत आले तेव्हा आत्याने दोन्ही कांदे चिरले. कोंब कशातच नव्हता. "गंमत केली गं तुझी, तू खरंच घेऊन गेली व्हय? न कापता कळतंय तर लय बरं. चिरलेला कांदा कोण घेतं? कधी जायचं, ते सांग." याला नऊ दिवस झाले. त्यानंतरही तारीख दोनदा ढकलली, ती मीच.

आणखी ता. क. रिपोर्टातला प्रत्येक शब्द मला कळेल, हीच पंचाईत आहे. पाकीट उघडायला तुम्ही हवे आहात. नवी वेळ घेतलीय, आता बदलणार नाही : मंगळवार, १८ नोव्हेंबर, सकाळी साडेनऊ.