तिसरी पिन

पडेगाव, छत्रपती संभाजीनगर
१२ मे २०२४

प्रिय गौहर,

अक्षर ओळखलंस का? सातवीपर्यंत आपण एका बाकावर बसायचो. तू माझ्या वहीतून गणितं उतरवायचीस आणि मी तुझ्या वहीतून चित्रं. मी वच्छी, शहागंजात तुमच्या भिंतीला भिंत लागून राहणाऱ्या काकासाहेबांची मुलगी. फर्दापूरचा तुझा पत्ता फकिरा नावाच्या वायरमननं दिला. तो कोण, ते पुढं लिहिते. त्यानं फोन नंबरही दिला होता, पण जे सांगायचंय ते फोनवर माझ्या तोंडून निघालं नसतं.

मी शाळेत शिकवते. आई आणि वडील, आमचे दादा, माझ्याजवळच असतात. ऊन असं तापलं की मला शहाऐंशी सालचा तो उन्हाळा आठवतो. गल्लीतला पहिला कूलर आमच्या घरी आला होता. आला म्हणजे काय, तुझ्या अब्बांनी, हैदरचाचांनीच तो आमच्या अंगणात बसून केला होता. पत्रा त्यांनी कापला, वाळ्याच्या जाळ्या त्यांनी बांधल्या, पंखाही त्यांनीच बसवला. पहिल्यांदा तो सुरू झाला तेव्हा घरभर ओल्या वाळ्याचा वास सुटला. आपण दोघी त्याच्यापुढं तोंड धरून ‘आ’ म्हणायचो. आवाज थरथरत बाहेर यायचा आणि तुझी अम्मी, वहिदाचाची, दारात उभी राहून पदर तोंडाला लावून हसायची.

कूलरसाठी चाचांनी अंगणात खड्डा खणला होता, आठवतं? खाली तांब्याचा पत्रा, वर कोळसा आणि खडं मीठ. आपण विचारलं, मीठ कशाला? ते म्हणाले, “बिजली को भागने रस्ता होना बेटा. रस्ता नई मिला तो आदमी में से जाती.” मग प्लगची वरची जाड पिन दाखवून म्हणाले, ही तिसरी पिन त्या रस्त्याला जोडलेली आहे, हिला कधी सोडायचं नाही. रोज संध्याकाळी त्या खड्ड्यात तांब्याभर पाणी ओतायचं काम आपल्याकडं होतं. आईला तर त्यांनी चारचारदा बजावलं होतं. पाणी भरायच्या आधी बटन बंद करायचं, प्लग काढायचा, पायात चप्पल घालायची. आई हसून म्हणायची, “व्हय भाऊ, पाठ झालं मला.”

मे महिन्यात तू खालाकडं जालन्याला गेलीस. तुझ्यावाचून मला करमेना. आपली ती मागची खोली, जिथं आपण दुपारभर पत्ते खेळायचो, भट्टीसारखी तापायची. तू परत येशील तेव्हा ती गार करून ठेवायची, असं माझ्या मनात आलं. कूलरला चाकं होती, ढकलत नेला. पण त्या खोलीतल्या जुन्या बोर्डाला दोनच भोकं होती. दादांच्या पेटीतली पक्कड घेतली आणि ती तिसरी पिन मागंपुढं वाकवून वाकवून मी तोडली. तळहाताला फोड आला. प्लग बसला, कूलर चालला आणि मला वाटलं, आपण लई हुशार. तुटलेला तुकडा मी मोरीत टाकला. दुसऱ्या दिवशी आईनं कूलर पुन्हा पुढच्या खोलीत नेला. प्लग तिथंही नीट बसला, त्यामुळं कोणी बघितलंच नाही.

त्यानंतरचं तू ऐकलेलं आहेस. पण मी पाहिलेलं तुला कधी सांगितलं नाही. दुपारची वेळ होती. आई अनवाणी, ओल्या फरशीवर उभी राहून चालत्या कूलरमध्ये पाणी ओतत होती. कळशी पडल्याचा आवाज आला. मी वळून पाहिलं तर तिचा उजवा हात पत्र्याला चिकटलेला. तिला ओरडताही येत नव्हतं. मी तिला धरायला धावले, तेवढ्यात मागून कोणीतरी माझी वेणी धरून मला खेचलं. वहिदाचाची होती. “हात नक्को लगा, तू बी चिपकती,” म्हणाली. तिच्या हातात धुण्याचं कोरडं लाकडी धोपाटणं होतं. त्यानं तिनं आईचा हात पत्र्यावरून उडवला आणि मग धावत जाऊन मेन बंद केला. घाटी दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, आणखी थोडा वेळ गेला असता तर हाती काही लागलं नसतं. आई वाचली. दोन बोटं तेवढी कायमची वाकडी राहिली.

संध्याकाळी चाचा आले. त्यांनी कूलर उघडला. पंपाची वायर पत्र्याच्या कडेला घासून उघडी पडली होती. मग त्यांनी प्लग हातात घेतला आणि विचारलं, “काकासाब, तिसरी पिन किधर है? किसने तोडी?” दादा भानावर नव्हते. म्हणाले, “कूलर तुझा, वायर तुझी, आन आळ आमच्या घरावर घालतो व्हय? ऊठ इथून.” चाचांनी एकेकाकडं पाहिलं. त्यांची नजर माझ्या तळहातावरच्या फोडावर येऊन थांबली. मी मूठ मिटली. त्यांनी प्लग खाली ठेवला, चपला घातल्या आणि निघून गेले. त्या दिवशी बोलले नाहीत, नंतरही कधी नाही. बारा वर्षांच्या पोरीचं नाव त्यांनी घेतलं नाही.

दादांनी मात्र गल्लीभर सांगितलं, हैदरच्या हातचं काम घेऊ नका. दीड वर्षात चाचांचं विजेच्या कामाचं दुकान बंद पडलं. फर्दापूरच्या लॉजवर त्यांना काम मिळालं म्हणून तुम्ही निघालात, आणि तुझी शाळा सुटली. सामानाच्या टेम्पोतून तू हात हलवत होतीस. मी दाराआड उभी होते. माझ्या आईला जिनं वाचवलं, तिचं घर माझ्यामुळं उठत होतं आणि मला बाहेर येता आलं नाही.

गेल्या आठवड्यात आमच्याकडं गिझर बसवायला फकिरा आला. दादा खुर्ची टाकून समोर बसले आणि नेहमीचं वाक्य बोलले, “नीट कर बाबा. आमच्या गल्लीत एक हैदर होता, त्याच्या कामानं माझी बायको मेली असती.” फकिराचा हात थांबला. म्हणाला, “फर्दापूरचे हैदरचाचा का? काम त्यांनीच शिकवलं मला. अर्थिंग तपासल्याशिवाय ते बटनाला हात लावू देत नव्हते.” अडतीस वर्षं मी ते वाक्य ऐकून घेतलं होतं. त्या दिवशी ऐकवलं नाही. फकिरासमोरच मी सगळं सांगून टाकलं. आई खाली मान घालून म्हणाली, “तुझा फोड मी तेव्हाच पाहिला होता. पण बटन मी तरी कुठं बंद केलं होतं? माझंही चुकलं, म्हणून मी बी गप बसले.” दादा उठून आत गेले. त्या दिवशी जेवले नाहीत.

काल सकाळी त्यांनी मला हाक मारली. म्हणाले, “मला हैदरकडं ने. पण आधी विचार. तो नको म्हणाला तर त्याचा तो हक्क हाय.” म्हणून हे पत्र. गौहर, ते आता ऐंशीचे आहेत, नीट चालवत नाही. तरी म्हणतात, हैदरची माफी मागायची, आणि मग शहागंजात जी जुनी माणसं उरलीत त्यांच्या दारोदार जाऊन सांगायचं की हैदरचं काम चोख होतं. मी त्यांच्याबरोबर असेन, आणि पिन कोणी तोडली ते मीच सांगेन. वहिदाचाची गेल्याचं फकिराकडून कळलं. तिला सांगायचं राहिलं ते राहिलंच. हे पत्र चाचांना मोठ्यानं वाचून दाखव, काही गाळू नकोस. ते काय म्हणाले, ते जसंच्या तसं मला कळव. आणि तुझी शाळा माझ्यामुळं सुटली, त्याबद्दल तुला जे बोलायचं असेल तेही लिही. मी सगळं वाचेन.

तुझीच,
वच्छी