स्टॉपवॉचचा फोटो

प्रिय केयूर,

‘प्रिय’ लिहायचं नव्हतं, पण पत्र म्हटलं की हात आपोआप तेच लिहितो. सोळा वर्षांत तुझा एक फोन नाही आणि गेल्या आठवड्यात सोमवारी एकदम भलामोठा मेसेज! तोही कशासाठी, तर कॅमेऱ्यासाठी. तुझ्या लेकीवर, गार्गीवर आळ आलाय की खो-खोच्या मॅचमध्ये खो मिळायच्या आधीच ती उठली आणि वर पंचांशी खोटं बोलली. कुणा पालकाने काढलेला फोटो निवड समितीकडे गेलाय, रविवारी समिती बसणार आणि चौदा वर्षांखालच्या जिल्हा संघातून तिचं नाव कापणार. म्हणून तुला आता घरचाच कॅमेरा हवा, धावत्या खेळातला नेमका क्षण पकडणारा, आणि फार महाग नको. ‘तू मॅचेसचे फोटो काढतेस असं ऐकलं, तूच सांग.’ वा रे वा! मी मेसेजला उत्तर दिलं नाही, कारण हे अंगठ्याने टाइप होण्यासारखं नव्हतं. रविवार होऊन गेला. निकाल काय लागला ते तुला कळलंच असेल, कसा लागला ते शेवटी सांगते. कूलरच्या वाऱ्याने कागद उडू नये म्हणून त्यावर माझा कॅमेरा ठेवलाय आणि लिहून राहिले.

आधी तुझं काम. दुकानदार तुला मेगापिक्सेल मोजून दाखवेल, त्याचं ऐकू नकोस. धावणाऱ्या पोरीला त्याने काडीचा फरक पडत नाही. नवा कोरा, डबीएवढा, लांब झूमचा तर मुळीच घेऊ नकोस. सीताबर्डीला वापरलेले कॅमेरे मिळतात. लेन्स बदलता येईल असा, सात-आठ वर्षं जुना असला तरी चालतो, पंचवीस-तीस हजारांत बसेल. त्यातही काटकसर कॅमेऱ्यावर कर, लेन्सवर नको. उजेड भरपूर आत घेणारी लेन्स घे, कारण आपल्याकडे ऊन उतरल्याशिवाय मॅच लागत नाही आणि नेमका तेव्हाच उजेड दगा देतो. शटर सेकंदाच्या हजाराव्या हिश्श्यावर ठेव, नाहीतर गार्गीचे पाय नुसते धुरासारखे येतील. एका दाबात पाच-सहा फोटो निघतात का बघ. बटण आधी अर्धं दाबून फोकस धरून ठेवायचा आणि क्षण आला की पुरतं दाबायचं. हे मला कुणी शिकवलं नाही. चिडून चिडून शिकले.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, बटण दाबल्यावर फोटो निघायला किती वेळ जातो ते तपासून घे. कसं तपासायचं ते तुला मी सांगायला हवं का? दोन हजार नऊचा जानेवारी आठव. तुझ्या काकांनी तुला तो चंदेरी डिजिटल कॅमेरा वापरायला दिला होता आणि आपण दोघं फुटाळा तलावावर बगळे टिपायला गेलो होतो. वीस फोटो काढलेस आणि विसांतही नुसतं पाणी. तू बटण दाबायचास आणि फोटो निघेपर्यंत बगळा पार निघून गेलेला. हसून हसून माझं पोट दुखलं. मग मीच पिशवीतून आमच्या कोचचं, बाबनराव सरांचं स्टॉपवॉच काढलं. बरोबर पाचला बटण दाब म्हटलं, तर फोटोत आकडा आला पाच पॉइंट चार. पुन्हा केलं, पुन्हा तेच. खो-खोत अर्ध्या सेकंदात काय काय होतं हे मला माहीत होतं आणि त्या दिवशी तुलाही कळलं. घरी जाऊन तू ते फोटो कॉम्प्युटरवर ठेवलेस, वेगळं फोल्डर करून, माझ्यासमोर.

फेब्रुवारीत राज्याच्या निवडीची मॅच झाली. मी रांगेत पाटीवर बसले होते. माझ्याच संघातली, कुही गावची काजल धावत आली, पाठीवर थाप पडली, कानात ‘खो’ आला आणि मी उठले. पंचांनी फाउल दिला. मी भांडले, आईची शप्पथ घेतली. दुसऱ्या दिवशी तू काढलेला फोटो बाबनराव सरांच्या हातात! मी पुरती उभी आणि काजलचा हात माझ्या पाठीपासून चांगला वीतभर लांब. ‘फोटो काय लबाड बोलते का वं?’ सर म्हणाले. काजल रडून रडून सांगत होती की मी खो दिला, पण खेड्यातल्या पोरीचं ऐकतंय कोण. मी म्हटलं, सर, हा कॅमेरा उशिरा फोटो काढतो, हा फोटो थाप पडून गेल्यावरचा आहे, केयूरले विचारा. सरांनी विचारलं. आणि तू, बॅगेचा पट्टा बोटाला गुंडाळत, खाली बघत म्हणालास, ‘असं काही नाही सर. कॅमेरा चांगला आहे.’

कॅमेरा चांगला आहे! कोणताही कॅमेरा हातात घेतला की हेच तीन शब्द मला ऐकू येतात. दाखव म्हटलं तर तोवर कॅमेरा काकांना परत केला होतास आणि त्या फोल्डरचं तू नावही काढलं नाहीस. माझ्या जागी तुझी बहीण सोनिका गेली, राज्यावर खेळली, पुढे त्यावर तिला नोकरी लागली. तिच्यावर माझा राग नाही, तिला यातलं काही माहीत नव्हतं. तुझ्यावर आहे, आणि अजून तेवढाच आहे. संघ गेला, ते मी कधीतरी गिळलं असतं. पण आईने तो फोटो पाहिला आणि म्हणाली, ‘चारू, निदान माझी शप्पथ तरी खोटी खायची नव्हती.’ ती गेली तेव्हाही तिला तेच खरं वाटत होतं. याची माफी मी तुला देणार नाही. मागूही नकोस.

आता रविवारचं. समितीला फोटोतलं कळणारं माणूस हवं होतं आणि त्यांनी मलाच बोलावलं. पालकांना बाहेर बसवलं होतं म्हणून तू मला पाहिलं नाहीस. खरं सांगते, फोटो हातात आला तेव्हा माझी जीभ वळवळली. फोटो काय लबाड बोलतो का, एवढंच म्हणायचं होतं आणि हिशेब मिटला असता. पण समोर तुझी पोरगी ओढणी पिळत म्हणाली, ‘आईची शप्पथ, मॅडम.’ मी त्या पालकाचा कॅमेरा मागवून घेतला, फोनवर स्टॉपवॉच लावलं आणि पाचला बटण दाबलं. फोटोत आलं पाच पॉइंट तीन. तीनदा केलं, तिन्ही वेळा तेच. एक मिनिट लागलं, केयूर. सगळं मिळून एक मिनिट. गार्गीचं नाव राहिलं. निघताना तिने मला विचारलं, ‘मॅडम, ही युक्ती तुम्हाला कुठे सापडली?’ मी म्हटलं, तुझ्या बाबाले विचार. ती आज ना उद्या विचारेलच, आणि तेव्हा तुला ‘आठवत नाही’ म्हणता येऊ नये म्हणून हे पत्र लिहिलं.

‘तुझीच’ लिहिण्याची सवय मोडायला मला तीन वर्षं लागली होती, म्हणून नुसतीच,

चारुलता