प्रवेश झाला, पण कोणता

ती. ताईस,

धाकट्या भावाचा साष्टांग नमस्कार. (कंबर धरली आहे, तेव्हा आठांपैकी जमतील तेवढीच अंगं टेकली असं समज.) तुझा गुडघा कसा आहे? भावजींचा खोकला तुझ्या धाकाने पळाला असेलच. इकडे आम्ही खुशाल आहोत आणि चष्म्याचं दुकानही बरं चाललंय.

पत्राचं कारण, तुझ्या लाडक्या भाचीचं नाटकाचं कॉलेज. मोठ्या कॉलेजात तिचा प्रवेश झाला असं मी तुला फोनवर सांगितलं, तू ते लगोलग सगळ्या नातेवाइकांत पोचवलंस आणि भावजींनी म्हणे अख्ख्या ऑफिसला चहा पाजला. आता जरा बसून वाच. प्रवेश झाला होता हे खरं, पण तो नव्हे. चाचणीला प्रत्येकाने नाटकातला एखादा छोटा प्रवेश करून दाखवायचा होता. पोर आत गेली, मी बाहेर बाकावर नखं खात बसलो. थोड्या वेळाने तिथले सर दार उघडून म्हणाले, "तुमच्या मुलीचा प्रवेश छान झाला." मी त्यांचा हात खांद्यातून निखळेपर्यंत हलवला, तुला फोन केला आणि मग त्यांना विचारलं, फी कुठे भरायची? माझं जे हसं झालं ते झालं. (पण तुझ्या तोंडून सुटलेली बातमी परत बोलावणं माझ्या आवाक्यातलं नाही.)

दुसरं कॉलेज लहान. रंगमंच म्हणजे जुनी व्यायामशाळा, पडद्याला ठिगळं. धंद्याच्या सवयीने मी दोन्हीकडे शेवटच्या रांगेत बसून पाहिलं. मोठ्या कॉलेजात तिथून नटाच्या भुवया दिसतात, इथे फक्त खांब दिसतो. मी मनात फुली मारली. पण मोठ्या कॉलेजात पहिली दोन वर्षं नुसतं बघायचं, रंगमंचावर पाय ठेवायचा नाही. इथे पोरीने तोच प्रवेश केला तर तिथल्या बाई हसून हसून खुर्चीवरून घसरल्या. नंतर नेपथ्य रंगवणाऱ्या मुलांनी तिच्या हातात ब्रश दिला आणि ती कोपरापर्यंत हिरवी होऊन बाहेर आली. घरी येईपर्यंत एक शब्द बोलली नाही. (आपल्या घरातली मुलगी!)

मग याद्या लागल्या. दोन्हीकडे नाव. मी मोठ्या कॉलेजचाच हट्ट धरला, कारण उघड आहे, सगळीकडे सांगून बसलो होतो. ती चिडली नाही, रडली नाही. एवढंच म्हणाली, "बाबा, मला बघत बसायचं नाहीये. करायचंय." ताई, पोरीला काय हवंय ते तिला पक्कं ठाऊक आहे, याचाच मला इतका आनंद झाला की लहान कॉलेजची फी मीच धावत जाऊन भरली. तेव्हा नातेवाइकांत दुरुस्ती आता तूच कर.

भावजींना नमस्कार.

तुझा,
धाकटा

ता. क. तिने कोणता प्रवेश केला ते लिहायचं राहिलं. एक बाई भावाच्या घरी येतात, चपला काढायच्या आत पंख्यावरची धूळ दाखवतात, घासलेली भांडी पुन्हा घासतात आणि निघताना दारात उभ्या राहून सगळं पहिल्यापासून सांगतात. हे तिने मनानेच रचलंय, असं मी दोन्हीकडे ठणकावून सांगितलं.

आणखी ता. क. मोठ्या कॉलेजचे सर म्हणाले होते, प्रवेश छान, पण अशी माणसं खरी नसतात. लहान कॉलेजच्या बाईंनी विचारलं, "ही बाई अजून काय काय करते?" पहिल्याच नाटकात पोरीला तीच भूमिका मिळाली आहे. ती म्हणते, आत्या आली की घराला जाग येते, ते मला अजून नीट जमत नाही. तेव्हा आठवडाभर राहायला ये. वागायचं मात्र नेहमीसारखंच. पंखे आम्ही पुसलेले नाहीत.