शंभर वर्षांनंतरच्या नाशकातली दुसरी पंगत

बाई, काल माझ्या नातीनं मला एक गोष्ट सांगितली. फार पुढच्या काळातली माणसं. भिंतीतल्या यंत्राला नुसतं सांगायचं, की गरम जेवण पुढ्यात हजर. पैसा नाही, दुकान नाही, कोणी कोणाचा नोकर नाही. आणि मग म्हणते, "आजी, याला समाजवाद म्हणायचं का गं?" कॉलेजात यावरून मैत्रिणीशी तिचं कडाक्याचं भांडण झालंय. मला हसूच आलं. हाच वाद मी देवळाली कॅम्पात, तुमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीपाशी बसून ऐकलाय, तेव्हा मी परकर नेसत होते. तिला काय सांगावं ते सुचेना, म्हणून तुम्हालाच लिहायला बसले. तुम्हाला जाऊन एक जन्म उलटला, तरी अवघड प्रश्न आला की मी तुमच्याकडेच बघते.

तुम्ही शाळेत 'शंभर वर्षांनंतरचे नाशिक' असा निबंध लिहायला दिला होता. बाकीच्या मुलींनी उडत्या मोटारी लिहिल्या, मी लिहिलं गोदाम. माझे वडील लष्कराच्या गोदामात पोती वाहायचे. साखर, डबे, घोंगड्या, सगळ्याच्या छतापर्यंत थप्प्या. सोल्जर यायचा, सही करायचा आणि हवं ते घेऊन जायचा. मी त्याच गोदामाला गोदावरीच्या पाण्यावर चालणारं यंत्र जोडलं. जितकं काढावं तितकं पुन्हा भरणार. मग अख्खं नाशिक गंगाघाटावर जेवायला बसवलं, पोटभर, रोज.

तुमचे भाऊ तेव्हा सत्याग्रहातली शिक्षा भोगून नाशिकच्या तुरुंगातून नुकतेच सुटले होते आणि येताना समाजवाद घेऊन आले होते. आल्यागेल्याला तो ऐकवायचे, दूधवालासुद्धा सुटत नसे. रविवारी मी शिकवणीला आले, तर माझा निबंध त्यांच्या हातात. "हा समाजवाद नव्हे," ते म्हणाले. "ही तर लष्कराची छावणी झाली! फुकट मिळालं म्हणून काय झालं? गोदामाची किल्ली कोणाकडे?" मी म्हटलं, "दारच नाही ठेवलं." ते गडबडले. "बरं, यंत्राचा मालक कोण?" "संपतच नाही काही, तर मालक होऊन करायचं काय?" तुम्ही तोंडाला पदर लावून हसलात. भाऊ मात्र खरोखर विचारात पडले. काही कमीच नसेल तर वाटायचं काय, आणि वाटायचं नसेल तर समाजवाद तरी कशाला, असं स्वतःशीच पुटपुटत राहिले. त्यांचा चहा निवून गेला.

मग तुम्ही निबंध हातात घेतला. वाचता वाचता थांबलात. "यात घाटावर दोन पंगती आहेत. एवढं अन्न, एवढी जागा, मग ही लांबची पंगत कोणाची गं?"

"आमची," मी सांगितलं.

त्यात विचारण्यासारखं काय आहे, हेच मला कळेना. आमच्या वस्तीचा विटाळ मानत, आमची पंगत लांबच बसायची. न संपणारं धान्य मला सुचलं, आपोआप भरणारं गोदाम सुचलं, एक पंगत काही सुचली नाही. खिडकीत माझा कान तुटलेला कप होता, फळीवरच्या घरातल्या कपांपासून वेगळा ठेवलेला. तुम्ही त्याच्याकडे बघत राहिलात. तो तुम्हाला त्या दिवशीच दिसला, की रोजच दिसत होता? हे मला तुम्हाला फार विचारायचं होतं. अजूनही विचारायचंय.

पुढच्या रविवारी फळीवरच्या कपात चहा आला, बशीसकट, आणि भाऊंच्या शेजारी माझा पाट. मी बसले, पण पाटाच्या अगदी कडेला. घरून निघताना वडील नेहमी बजावायचे, "बाईंच्या घरी खिडकीपाशीच बसायचं. त्यांच्यावर तसं सांगायची पाळी आणू नको." चहा संपल्यावर मी तो चांगला कप धुतला आणि खिडकीत नेऊन ठेवला. तुम्ही तो उचललात आणि फळीवर ठेवलात. त्याच्या पुढच्या रविवारी पुन्हा तेच. मी खिडकीत, तुम्ही फळीवर. आपल्यात जास्त हट्टी कोण, देव जाणे. मग तुम्हाला ताप आला, आणि त्या तापातून तुम्ही उठलाच नाहीत. मी खूप रडले, बाई.

नातीला मी एवढंच विचारलं, की त्या गोष्टीत जेवताना कोण कोणाशेजारी बसतं. "कोणीही, कुठेही," ती म्हणाली. मग असेलही समाजवाद. पण भाऊंची किल्लीही डोक्यातून जात नाही, यंत्र बंद पडलं तर ही माणसं तशीच शेजारी बसतील का, हेही कळत नाही. तुम्ही असतात तर आज पुन्हा चहा निवला असता.

हे पत्र कुठे टाकायचं नाहीच, तेव्हा सांगून टाकते. काल नात बोलत होती आणि ऐकता ऐकता मी माझा कप धुऊन खिडकीत ठेवला. माझं घर, माझा कप, माझीच खिडकी. तिच्या लक्षातही आलं नाही. थोड्या वेळानं मीच उठले आणि तो फळीवर ठेवला. तुमच्या वाटणीचं काम आता मलाच करावं लागतं.